लासूरच्या पैठणीचा काठ

माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाईक दारात आलं की मी पहिली सूचना देते, पाणी नंतर. जुनी साडी असेल तर तिची जर मी तुमच्यासमोर जाळून बघणार आणि मगच साडी हातात घेणार. पटत असेल तर बसा, नाहीतर रिक्षा अजून कोपऱ्यावरच उभी असेल. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात मी वीसेक वर्षं हेच काम करते आहे. पैठणीचं रेशीम विरतं, घड्यांवर चिरतं, पण काठातली आणि पदरातली चांदीची जर टिकते. तो काठ, तो पदर जुन्या साडीवरून उतरवायचा आणि नव्या रेशमावर चढवायचा. बाहेरून बघणाऱ्याला हे शिवणकाम वाटतं. वाटू दे.

जाळायचं म्हटलं की बायका दचकतात. अहो, अख्खी साडी नाही जाळत. काठाच्या आतल्या अंगाचा नखाएवढा धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि ज्योतीवर न्यायचा. आतलं रेशीम केस जळल्यासारखा वास सोडून जातं आणि मागं पांढरी तार उरते, ती चांदी. तांबडी होऊन काळी पडली तर ते तांबं, वरून नुसतं सोन्याचं पाणी. जुने कारागीर पहिलीला सच्ची म्हणतात आणि दुसरीला झूठी. साडी घेतानाच दोघांच्या डोळ्यांदेखत हे झालं की पुढं कुणी कुणाला चोर म्हणायला जागा राहत नाही.

हा नियम माझ्या उस्तादांचा. जुन्या शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. बारावीनंतर शिकायला पैसे नव्हते म्हणून आईनं मला तिथं सोडलं, तेव्हा मला सुई धरता येत नव्हती आणि त्यांना शिव्या दिल्याशिवाय शिकवता येत नव्हतं. आमचं छान जमलं. काम करता करता ते सांगायचे. दिल्लीच्या बादशहानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्यामागं त्यांचे पूर्वज आले म्हणे. बादशहा परत गेला, कारागीर राहिले. चांदीची कांब पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहूनही बारीक, असं करत केसाएवढी तार काढायची. ती ठोकून चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची, सोन्याचा मुलामा द्यायचा. निजामाच्या दरबारातल्या शेरवान्यांवर त्यांच्या आजोबांच्या हातचं काम असायचं. त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. पण जरीच्या बाबतीत उस्तादांचा शब्द शेवटचा, हे सराफसुद्धा मानायचे. त्यांची नजर गेली, दुकान बंद झालं, आणि त्यांची गिऱ्हाइकं हळूहळू माझ्या दारात यायला लागली.

गेल्या लगीनसराईत तशाच एक ताई लासूर स्टेशनहून आल्या. पन्नाशीच्या, जमीनजुमल्याच्या घरातल्या, पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या. पिशवीतून त्यांनी एक पैठणी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आईची हाय. आई गेली गेल्या साली. माझ्या लेकीचं लगीन ठरलंय. नातीनं हीच नेसावी, येवढंच म्हणायची बघा."

मी साडी उलगडली. रेशीम घडीघडीला चिरलेलं. पदर लखलखीत. दोन्ही काठ मात्र काळपट पडलेले. तीन बोटं रुंद नारळी काठ होता, जुन्या वळणाचा. खरं तर मला तिथंच थांबायला हवं होतं. एकाच साडीचा पदर उजळ आणि काठ काळा, असं कसं होईल? मी विचारलं, "ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का?"

"व्हय, लई होत्या."

झालं. सगळं खापर मी गोळ्यांवर फोडलं. गोळ्यांनी जर काळवंडते हे खरंच आहे, त्यामुळं माझं मलाच पटलं. पदराच्या गोंड्यातला सुटा धागा घेऊन जाळला, पांढरी शुभ्र तार राहिली. मग चिमटा काठाकडं नेला, तर ताईंनी माझं मनगट धरलं. "नका ना ताई. तिला अग्नी दिलाय गेल्याच साली. तिच्या लुगड्याला काडी नका लावू." त्यांचे डोळे भरून आले. आणि मी, गिऱ्हाइकाला दारातूनच रिक्षा दाखवणारी मी, विरघळले. काडी विझवली. साडी ठेवून घेतली. अक्कल गहाण टाकली म्हणतात ना, ती अशी.

नव्या साडीचं डाळिंबी रेशीम त्यांनी येवल्याहून आणून दिलं. लग्न रविवारी होतं. त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी उन्हाला बसून मी काठ उसवायला घेतला. एक धागा अडकला, तुटला, आणि तुटल्या जागी तांबूस दिसला. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग काडेपेटी आणली. तार जळून काळी ठिक्कर पडली. चार ठिकाणचे धागे काढले, दुसऱ्या काठाचे काढले. सगळे काळे. पदर सच्चा आणि दोन्ही काठ झूठे.

 माझ्याकडं दुकान नाही, दारावर पाटी नाही. बायका आपल्या आईची, सासूची साडी माझ्या हातात देऊन जातात ती एवढ्याच भरवशावर, की ही बाई जरीला हात लावणार नाही. तो भरवसा गेला की माझं काम गेलं, आणि मला दुसरं काही येत नाही. तेव्हाच ताईंना फोन करायला हवा होता. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. काय सांगणार? की तुमच्या आईच्या साडीला खोटी जर आहे, आणि घेताना मी बघितली नाही? खाई त्याला खवखवे म्हणतात, मी काहीही खाल्लेलं नसताना मला खवखवत होतं.

बुधवारी दुपारी दार वाजलं. ताई होत्या आणि सोबत त्यांचे मोठे भाऊ. लासूरच्या बाजारात त्यांची आडत आहे. सहज आलो म्हणाले, खरेदीला आलो होतो, काम कुठवर आलंय बघावं. उसवलेले काठ समोर पाटावर पसरलेले होते. लपवायला वेळच नव्हता. आडत्या माणूस, धान्याची मूठ उचलून भाव सांगणारा. त्यांनी काठाचं टोक उचललं, तुटल्या जागी बघितलं, माझाच कसोटीचा दगड पाटावरून घेतला आणि काठ त्याच्यावर घासला. तांबडी रेघ उमटली.

"ताई, हे काय हाय?" त्यांनी मला विचारलं.

"असंच आलं होतं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"मग घेताना बोलल्या का नाय? तुम्ही तर जाळून बघता म्हणं. ही घरी येऊन सांगत व्हती, लई चोख बाई हाय."

"पदराची बघितली ना त्यांनी दादा," ताई मधे पडल्या. "काठाची मीच नको म्हणले."

"तू नको म्हणलीस आन् यांनी ऐकलं!" ते माझ्याकडं बघून हसले. "बरं ऐकलं."

हा माणूस ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ते आवाज चढवतच नव्हते. माझी पाचावर धारण बसली.

"आईची जर शंभर नंबरी व्हती, अख्ख्या भावकीला माहिती हाय," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी येतो. जर जागेवर पायजे. नसली तर रविवारचं लगीन आमचं लागंल, पण सोमवारपासनं तुमच्या दारात कुणी साडी घिऊन येणार नाय. लासूरपासनं फर्दापूरपातुर आमची सोयरीक हाय. आन् पोलीस चौकी तर हायच."

ताई जाताना माझ्याकडं बघायला तयार नव्हत्या. त्याचं मला भावाच्या धमकीहून जास्त लागलं.

दार लावून मी पुन्हा पाटाशी बसले. रडायचं नंतर, आधी टाका बघायचा. हा काठ मूळ विणीतला नव्हता. कधीतरी एकदा उतरवून पुन्हा चढवलेला होता. साडीचं रेशीम आधीही एकदा बदललं होतं, हे ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या आणि मी ते कानाआड केलं होतं. ज्यानं बदललं त्याचा टाका आतल्या अंगाला तसाच होता. तीन टाके पुढं, एक मागं, गाठ रेशमाखाली दडवलेली.  तो टाका माझाच होता. भावानं तो बघितला असता आणि शेजारी माझ्या हातचं दुसरं काम ठेवलं असतं, तर जगातल्या कुठल्याही माणसानं मलाच चोर म्हटलं असतं. मी मात्र या साडीला आधी कधी सुई लावलीच नव्हती. मग काठ उजेडाकडं तिरका धरला. टाके डावीकडं कलत होते.

हा टाका मला ज्यांनी शिकवला ते उस्ताद डावखुरे आहेत.

त्या दिवशी जे मनात आलं ते लिहायची लाज वाटते, पण आलं ते आलं. उस्तादांनी खाल्ली का? जुनी जर जाळून चांदी काढणारे गल्लीगल्लीतून फिरतात. तेव्हाही फिरायचे. हातात सच्चा काठ, घरात खाणारी तोंडं, आणि गिऱ्हाइकाला काय कळतंय? ज्या माणसानं मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं त्याच्यावर मी संशय घेत होते, आणि तोच खरा निघावा असंही वाटत होतं, कारण मग माझी सुटका होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

गुरुवारी सकाळी काठाचा तुकडा रुमालात गुंडाळून शहागंजला गेले. उस्ताद आता ऐंशीच्या पुढचे आहेत, दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही. सुनेनं मला आत घेतलं. ते बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. मी पायांना हात लावला तर म्हणाले, "आज आवाज नहीं तेरा. क्या हुआ?"

मी तुकडा त्यांच्या हातात दिला. अंगठा आणि बोट यांच्यात त्यांनी तो एकदाच चोळला, टोक जिभेला लावलं. "झूठी. ये कायकू लाई मेरे पास?"

"लासूरच्या बाईंची पैठणी आहे उस्ताद. त्यांचा भाऊ शनिवारी दुपारी जाब विचारायला येतोय. काठ बघा. मागून बघा."

त्यांनी तुकडा उलटा केला. बोट टाक्यांवरून पुढं गेलं, मागं आलं, परत पुढं गेलं.  

"टाका मेरा है," ते म्हणाले.

"मग सच्ची कुठं गेली?" मी विचारलं. विचारून टाकलं. वाटलं, आता उठून थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "कौन से साल का काम है ये?"

मी येतानाच हिशेब केला होता. आईनं साडीचं रेशीम बदलून घेतलं तेव्हा ताई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होत्या, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. आता जिचं लग्न होतं, ती मुलगी त्याच बाळंतपणातली. "बावीस वर्षं झाली. माझ्या लग्नाच्या आसपास."

उस्तादांचा हात थांबला. "तेरी शादी की साडी है घर में?"

"आहे की."

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. माझ्या पांढऱ्या साडीला उस्तादांनी स्वतः काठ लावून दिला होता. देताना म्हणाले होते, झूठी है बेटा, सच्ची की अपनी हैसियत नहीं. आमच्या पणज्यांना गावात काठाचं लुगडं नेसून रस्त्यानं चालता येत नव्हतं. माझ्या आईनं तो काठ बघितला आणि खरा की खोटा हे विचारलंसुद्धा नाही, नुसता गालाला लावला.

"उसका काठ काला पड्या?" उस्तादांनी विचारलं.

"छे! मी मलमलमध्ये ठेवते. दर दिवाळीला घडी मोडते." मला तर त्याचा अभिमान होता. झूठी असून कशी राखलीय बघा, असं मी चारचौघींत सांगायची.

"बावीस साल," उस्ताद म्हणाले. "झूठी जर बावीस साल में काली नहीं पडी. किसकी शागिर्द है तू?"

 जगाची जर जाळून बघणारी मी, घरातल्या साडीला कधी काडी लावली नव्हती. उस्तादांनी सांगितलं झूठी, म्हणजे झूठी. दिव्याखाली अंधार तो हाच.

मग ते हळूहळू बोलत गेले. लासूरच्या आजीचा तो नारळी काठ त्यांना फार आवडला होता. माझ्या लग्नाला अगदी तसाच द्यायचा म्हणून त्यांनी बाजारात तशाच वळणाचा झूठा काठ शोधून आणला. सच्चे दोन काठ उतरवून झटकून, पुसून एका फडक्यात गुंडाळले होते, नवे दोन दुसऱ्या फडक्यात. दोन्ही सारखेच झळकत होते, आणि फडकी तिथंच बदलली असणार. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

"पण तुम्ही तर जर हातानं ओळखता उस्ताद!"

"अब पहचानता. तब आँखों का घमंड था मेरेकू. हाथ से देखना तो अंधा होने के बाद सीख्या." त्यांनी तुकडा माझ्याकडं सरकवला. "जा. जला के देख."

घरी येईपर्यंत रिक्षात मी एकच गोष्ट मागत होते, की माझी झूठीच निघू दे. तीन दिवस मला लासूरची जर सापडायला हवी होती, आणि आता ती माझ्या कपाटात असू नये असं वाटत होतं. साडी काढली. मलमल सोडली. आतल्या अंगाचा धागा ओढला. माचिसची पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. केस जळल्याचा वास आला आणि चिमट्यात पांढरी तार राहिली.

मी तशीच फरशीवर बसून राहिले. मनात काय काय आलं! कुणाला काय कळणार आहे? येवल्याहून नवा सच्चा काठ आणून लावावा, ताईंना म्हणावं जुना सापडला. पण नवा काठ एका दिवसात कुठून येणार, आणि आला तरी आडत्याच्या डोळ्याला तो नवा दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि दिसला नसता तरी ताईंच्या आईची जर ती नव्हेच. शेवटी राग आला, तो नेमका कुणाचा ते मलाही कळेना. उस्तादांचा, त्या गोळ्यांचा, स्वतःचा. रागातच कात्री घेतली आणि माझ्या लग्नाच्या साडीचा पहिला टाका कापला. तीन पुढं, एक मागं, डावीकडं कललेला. सगळे टाके तसेच होते. काठ निघाल्यावर पांढऱ्या रेशमाची कड उघडी पडली आणि साडी एकदम कुणा परक्याची दिसायला लागली.

शुक्रवारचा दिवस डाळिंबी रेशमावर काठ चढवण्यात गेला. मान मोडली, बोटं सुजली. एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. उस्तादांचं नाव घ्यायचं नाही. जुन्या कारागिराकडून अदलाबदल झाली, एवढंच सांगायचं. या वयात शहरानं त्यांना चोर म्हणायला नको होतं.

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. सुनेचा हात धरून उस्ताद उतरले. मी कपाळावर हात मारला. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

"अपने पैरों से आया," ते म्हणाले. "चाय पिला."

बहीणभाऊ दुपारी आले. मी आधी काठाचा धागा त्यांच्यासमोर ओढला आणि जाळला. या वेळी ताईंनी हात धरला नाही. पांढरी तार भावानं चिमट्यातून घेतली, तळहातावर ठेवली, उजेडाकडं नेली. "हीच. हीच आमची." मग त्यांनी मान वर केली. "कुठं व्हती?"

मी तोंड उघडणार तोच कोपऱ्यातून उस्ताद बोलले. "मेरी गलती है साहब. मैंने बदली. नजर जा रही थी, बोल्या नहीं किसी को. तुम्हारा सच्चा काठ इस बच्ची की शादी की साडी को लगाया, इसका झूठा तुम्हारी साडी को. इसको कुछ मालूम नहीं था. चोर ढूंढते हो तो मैं बैठ्या हूँ."

 भावानं उस्तादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजी येवढी वर्षं आईची जर..."

"माझ्या अंगावर होती," मी म्हटलं. "लग्नात नेसले. नंतर दोनदा नेसले."

त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं बुद्धाची तसबीर आहे, फुलं वाहिलेली. पहिल्या दिवशीही ती तिथंच होती, तेव्हा त्यांना ती दिसली नसावी. साडीवरचा त्यांचा हात जरासा मागं आला.

"धुऊन दिली का?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत मला असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.  तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर शेजारीपाजारी गोळा झाले असते. पण उस्तादांचा चेहरा माझ्याकडं वळलेला होता, आणि कामाच्या जागेवर कामाचंच बोलायचं हे त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही धुतली," मी म्हटलं. "पाण्यात घातली की चांदी काळवंडते. तुम्हाला धुवायची असेल तर खुशाल घरी नेऊन धुवा दादा. उद्या भाचीला काळा काठ नेसवून मांडवात उभी करा, आणि लोकांनी विचारलं तर का धुतली तेही सांगा."

 ताई उठल्या. साडी त्यांनी भावाच्या हाताखालून ओढून घेतली, उलगडली, काठ दोन्ही हातांनी धरला आणि डोळ्यांना लावला. "दादा, तू गाडीत बस जा," त्या म्हणाल्या. भाऊ खरंच गेले.

मग ताई माझ्याकडं बघून रडायला लागल्या. मी संशय घेतला ताई, मी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाय, म्हणत राहिल्या. मीही तेव्हा मोठं मन वगैरे दाखवलं नाही. लागलं मला, म्हटलं. फार लागलं. त्यांनी मान हलवली. साडी पिशवीत घालून निघाल्या तेव्हा पाटावरचे ते दोन काळे काठ तसेच पडले होते.

"ताई, हे तुमचे आहेत," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुमच्या साडीला होते. पण मला हवेत."

"ते काळं काय करता? कचरा तो."

"माझ्यासाठी आणले होते ते."

त्यांनी एकदा उस्तादांकडं बघितलं, आणि ते दोन्ही काठ स्वतःच्या हातांनी गुंडाळून माझ्या ओंजळीत ठेवले.

त्या गेल्यावर उस्तादांनी हात पुढं केला. मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. ते बोटांनी चाचपत राहिले. "बहुत काली है क्या?"

"तव्यासारखी," मी म्हटलं. खोटं बोलणं त्यांना चाललं नसतं.

ते हसले. "दुकानदार कम नहीं कर रहा था. मैं बोल्या, थोडा तो सोच भाई, मेरी बेटी की शादी है. तब दिया उसने."

हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बुधवारपासून दाबून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं आणि मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. सुनेनं घाबरून पाणी आणलं. उस्ताद म्हणाले, रो ले, पर काठ मत भिगो.

तोंड धुऊन मी पांढरी साडी काढली आणि काळा काठ लावायला घेतला. उस्तादांनी काठाचं दुसरं टोक ताणून धरलं होतं. सून दोनदा म्हणाली, अब्बा, चलते क्या, पण अख्खा काठ लावून होईपर्यंत ते जागचे उठले नाहीत.